दीव, दाभोळ आणि मुल्लासाहेब

अब्बांनी आयुष्यात माझ्याकडे फार काही मागितलं नाही. गुडघे दुखायला लागल्यावर एक काठी मागितली. आणि गेल्या दिवाळीनंतर एकदा जेवताना म्हणाले, "बाय, मला एकदा दीवला ने. मुल्लासाहेबांना सलाम करायचा राहिलाय."

अम्मीने माझ्याकडे पाहिलं, मी ताटाकडे. मुल्लासाहेब म्हणजे कोण, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं. एक गोष्ट मात्र फक्त मलाच ठाऊक होती आणि ती मी कितीतरी वर्षं अब्बांपासून लपवून ठेवली होती.

आम्ही दाभोळच्या खाडीकडचे. वाशिष्ठी समुद्राला मिळते तिथले. आमच्याकडच्या प्रत्येक घरातून एक तरी माणूस जहाजावर गेलेला असतो. अब्बा खलाशी म्हणून लागले आणि सुकाणी म्हणून निवृत्त झाले. १९७१च्या डिसेंबरात ते १९ वर्षांचे होते. डोंगरीत गावच्या जमातीच्या खोलीत राहून पहिल्या जहाजाची वाट पाहत होते. युद्ध सुरू झालेलं. खिडक्यांना काळे कागद चिकटवलेले, रात्री गोदीत अंधार. अशात बातमी आली की, मुंबईहून गेलेली 'आयएनएस खुकरी' ही युद्धनौका दीवजवळ बुडाली. ९ डिसेंबरच्या रात्री 'हंगोर' या पाकिस्तानी पाणबुडीने तिच्यावर टॉर्पेडो सोडले. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. कप्तानाने जहाज सोडलं नाही. तो जहाजाबरोबरच पाण्याखाली गेला.

त्याचं नाव कॅप्टन मुल्ला.

खोलीत २०-२५ पोरं होती, सगळी कोकणातली, सगळी मुसलमान. आमच्याकडे मुल्ला आडनावाची घरं गावोगाव आहेत. पोरांनी त्या रात्री मुल्लासाहेबांसाठी फातेहा पढला. ते कुठल्या गावचे असतील, यावर वादही झाला. कुणी रत्नागिरीचं म्हणालं, कुणी श्रीवर्धनचं. तेव्हापासून ९ डिसेंबर आला की अब्बा ही हकिकत सांगणार, हे ठरलेलं.

मीही ती एकदा सांगितली. शाळेत, १९९३ साली. मी सातवीत होते. ते दिवस कसे होते, ते माझ्या वयाच्या वाचकांना वेगळं सांगायला नको. मधल्या सुट्टीत एक मुलगी म्हणाली, "तुम्ही लोक क्रिकेटमध्ये त्यांच्याच बाजूने असता." मी उठून सगळ्यांसमोर कॅप्टन मुल्लांची गोष्ट सांगितली. आमचा माणूस जहाजासोबत बुडाला, पण जागचा हलला नाही, असं म्हणाले. वर्ग गप्प झाला. मी जिंकले.

पुढे कॉलेजात असताना वाचनालयात एका पुस्तकात पूर्ण नाव वाचलं. महेंद्रनाथ मुल्ला. काश्मिरी पंडित.

तिथे बसल्या बसल्या माझे कान गरम झाले होते. त्या मुलीशी पुन्हा कधी या विषयावर बोलणं झालं नाही. अब्बांनाही सांगितलं नाही. दर ९ डिसेंबरला ते बोलायचे आणि मी चहा गाळायला आत जायचे.

*

मुंबईहून रेल्वेने वेरावळ. स्टेशनाबाहेर पडताच सुक्या मासळीचा वास आला. अब्बा खूश. "आपल्या बंदरात आल्यासारखं वाटतं," म्हणाले. तिथून गाडीने कोडीनार, उना आणि मग दीवची हद्द. गुजरातेत दारूबंदी आणि दीवमध्ये दारू खुली, त्यामुळे हद्दीवरच्या चौकीत परतणाऱ्या गाड्यांची झडती चालते. आमचा ड्रायव्हर म्हणाला, "चाचा, यहाँ आधे लोग समंदर देखने नहीं आते." अब्बा हसले. म्हणाले, "बंदरात कोण कशासाठी आला, ते विचारू नये."

दीव हे सौराष्ट्राच्या दक्षिण टोकाला चिकटल्यासारखं असलेलं चिंचोळं बेट आहे. मध्ये खाडी, पलीकडे घोघला. जेमतेम ११-१२ किलोमीटर लांबी. गाव आणि किल्ला पूर्वेच्या टोकाला. झांपा दरवाजातून आत शिरलं की अरुंद गल्ल्या, रंगवलेली जुनी घरं, लाकडी सज्जे. नागरवाड्यातली काही घरं तर थांबून पाहावीत अशी. वर चढ चढून गेलं की पांढरी चर्च. सेंट पॉल चर्च १६१० साली पूर्ण झालं, तिथे अजून प्रार्थना होते. सेंट थॉमसमध्ये संग्रहालय आहे, सेंट फ्रान्सिसमध्ये दवाखाना. चर्चं तीन, पण ख्रिस्ती वस्ती आता थोडीच. बरेच लोक पोर्तुगालला, तिथून इंग्लंडला गेले. त्यात हिंदू आहेत, मुसलमानही आहेत. ज्या घराच्या वरच्या मजल्यावर आम्ही उतरलो, त्या मालकीणबाईंची दोन्ही मुलं लेस्टरला. त्यांनी आम्हाला चहा दिला आणि अब्बांना विचारलं, "आपके बच्चे बाहर नहीं गए?" अब्बा म्हणाले, "मी गेलो होतो की. परत आलो."

दुपारी अब्बा बाजारातल्या मशिदीत जोहरच्या नमाजला गेले. मी बाहेर एका बंद दुकानाच्या पायरीवर बसले. बायकांसाठी आत सोय नव्हती. ही तक्रार मी इथे याआधी केलेली आहे, त्यामुळे आज पुन्हा करत नाही. पायरीवर बसून मोबाइलमध्ये साठवलेली टिपणं वाचत होते. दीवला येण्याआधी मी बरंच वाचून आले होते. खरं सांगायचं तर माझ्या मनात एक हिशेब होता. मुल्लासाहेब हातचे गेलेच आहेत, तर त्यांच्या बदल्यात अब्बांना दाखवायला दीवमध्ये आपलं काहीतरी सापडेल, असा तो हिशेब.

सापडलं ते असं.

१५०८च्या मार्चमध्ये चौलच्या खाडीत, म्हणजे आपल्या रेवदंड्याला, पोर्तुगीजांची आणि इजिप्तच्या मामलुक आरमाराची लढाई झाली. मामलुकांचा सरदार होता अमीर हुसेन. त्याच्या मदतीला गुजरातच्या सुलतानाचा दीवचा सुभेदार मलिक अयाज आपली गलबतं घेऊन आला. पोर्तुगीजांचं जहाज मच्छीमारांनी रोवलेल्या खांबांमध्ये अडकलं आणि त्यावरचा लोरेन्सो द आल्मेदा मारला गेला. तो पोर्तुगीज व्हाइसरॉय फ्रान्सिस्को द आल्मेदाचा मुलगा.

बाप सूड घ्यायला निघाला दीववर. पण वाटेत लागलं दाभोळ. १५०८ सालच्या डिसेंबरअखेर त्याने आमचं दाभोळ जाळलं. बंदर आदिलशाहीचं. चौलच्या लढाईशी तिथल्या बायकामुलांचा संबंध नव्हता, तरी कुणाला सोडलं नाही. 'दाभोळवर पडला तसा फिरंग्यांचा कोप तुझ्यावर पडो' अशी शिवी त्यानंतर या किनाऱ्यावर रुळली म्हणतात. मग ३ फेब्रुवारी १५०९ रोजी दीवची लढाई झाली. मामलुक, गुजरातची गलबतं आणि कालिकतच्या झामोरीन राजाच्या होड्या एका बाजूला, पोर्तुगीज दुसऱ्या बाजूला. पोर्तुगीज जिंकले. पुढची शंभर वर्षं अरबी समुद्रात त्यांचा परवाना घेतल्याशिवाय जहाज हाकारणं धोक्याचं झालं. त्या परवान्याला ते कार्ताझ म्हणत. हाजींच्या जहाजांनाही तो घ्यावा लागे. गुजरातहून तांबड्या समुद्राकडे जाणाऱ्या जहाजांनी दीवला थांबून जकात भरायची, अशी अट असे. अकबराची आत्या गुलबदन बेगम हजला निघाली, तीही परवान्यापायी सुरतेत सुमारे वर्षभर अडकून पडली होती.

एवढ्यावर थांबले असते तर माझा हिशेब जमला असता. आपण इकडे, ते तिकडे. पण मलिक अयाज मध्ये येतो.

हा मलिक अयाज मुळात गुलाम. कुठल्या तरी दूरच्या मुलखातून विकत आणलेला, पुढे सुलतानाच्या मर्जीतला झाला. दीवला बंदर म्हणून नाव मिळवून दिलं ते त्याने. पण १५०९ मध्ये त्याने काय केलं? लढाईआधीच आल्मेदाशी पत्रव्यवहार सुरू केला. चौलला पकडलेले पोर्तुगीज कैदी चांगले खाऊपिऊ घालून सांभाळले. लढाईत स्वतः उतरला नाही. पोर्तुगीज जिंकताच कैदी परत केले आणि तह केला. अमीर हुसेनची माणसं मेली, दीव वाचलं. एवढं करून पोर्तुगीजांना बेटावर किल्ला मात्र बांधू दिला नाही. १५२२ साली मरेपर्यंत त्याने त्यांना टोलवत ठेवलं.

आणि किल्ला शेवटी कुणी बांधू दिला? गुजरातच्या सुलतान बहादूरशहाने. का? तर हुमायून त्याच्यावर चालून आला होता. बादशहा मुसलमान, सुलतान मुसलमान. सुलतानाने पोर्तुगीजांची मदत मिळवण्यासाठी १५३४ मध्ये वसई आणि मुंबईची बेटं देऊन टाकली, आणि १५३५ मध्ये दीवला किल्ल्याची परवानगी. दोन वर्षांनी, १५३७ च्या फेब्रुवारीत, तो पोर्तुगीजांच्या जहाजावर भेटीला गेला. परतताना चकमक झाली आणि त्याच समुद्रात त्याचा अंत झाला. पुढे १५३८ आणि १५४६ असे दोन मोठे वेढे पडले. पहिल्यात तर ऑटोमन आरमार सुएझहून आलं होतं. पण गुजराती आणि तुर्क यांचा एकमेकांवर भरवसा नव्हता. किल्ला पडला नाही. पोर्तुगीज दीवमध्ये राहिले ते थेट १९ डिसेंबर १९६१ पर्यंत.

अब्बा नमाज पढून आले. मी त्यांना हे सगळं चालता चालता सांगितलं. दाभोळ जाळल्याचं ऐकून ते गप्प झाले. मलिक अयाजचं ऐकून म्हणाले, "गद्दार म्हणायचा की शहाणा?"

"तुम्हाला काय वाटतं?"

"दीवच्या माणसाला विचार. मी दाभोळचा. मला राग येणारच."

*

किल्ल्याच्या तीन बाजूंना समुद्र आहे. पुलावरून खंदक ओलांडून आत जायचं. तटावर गंजलेल्या आणि काशाच्या तोफा, आवारात लोखंडी गोळे. खाडीच्या तोंडाशी पाण्यात उभा असलेला छोटा किल्ला म्हणजे पाणीकोठा. दाभोळजवळ वाढलेल्या माणसाला अशा ठिकाणी लगेच कळतं की, खाडीचं तोंड ज्याच्या हातात, बंदर त्याचं. अब्बा तोफांकडे न बघता दीपगृहाकडे बघत राहिले.

"कांडल्याला जाताना हा दिवा दिसायचा," ते म्हणाले. "रात्रपाळीला मी सुकाणूवर असलो तर मनातल्या मनात मुल्लासाहेबांना सलाम करायचो. दिवसा कधी जवळून पाहिला नव्हता."

तटावर नाशिकचं एक कुटुंब भेटलं. आमचं बोलणं ऐकून गृहस्थ आनंदाने जवळ आले. "अरे वा, मराठी! कुठले तुम्ही?" गप्पा सुरू झाल्या. मग नावं विचारली गेली. आणि ते वाक्य आलं, जे तुमच्यापैकी अनेकांनी ऐकलं असेल. "तुमचं मराठी फारच छान आहे हो."

अब्बा म्हणाले, "तुमचंही चांगलं आहे."

गृहस्थ हसले. माणूस वाईट नव्हता. त्यांच्या मुलाने विचारलं, "बाबा, हा किल्ला कोणाचा होता?" ते म्हणाले, "आधी ह्यांच्या लोकांचा, मग पोर्तुगीजांनी घेतला. सगळे बाहेरचेच." नंतर त्यांच्या लक्षात आलं असावं. घाईघाईने मला म्हणाले, "म्हणजे इतिहासात हो. तुम्ही मनावर घेऊ नका."

माझ्या जिभेवर मलिक अयाज होता, झामोरीन होता, हुमायून होता. दाभोळ तर होतंच. पण शाळेतली मधली सुट्टी आठवली. पुन्हा एकदा मी पुरावे काढून दाखवायला निघाले होते. तेवढ्यात अब्बांनी त्या मुलाला जवळ बोलावलं. त्याला पाणीकोठा दाखवला. भरती-ओहोटीच्या वेळी जहाज खाडीत कसं घ्यायचं, तोफ इथेच का ठेवली, हे काठीने जमिनीवर रेघा मारून समजावलं. पंधरा मिनिटं मुलगा हलला नाही. बापही वाकून बघत होता. निघताना गृहस्थांनी अब्बांना वाकून नमस्कार केला. मला ते आवडलं आणि आधीचं वाक्यही मी विसरले नाही. दोन्ही खरं आहे.

*

संध्याकाळी नागवा किनाऱ्याकडे गेलो. वाटेत होक्का नावाची माडाच्या जातीची झाडं दिसतात. माड सरळ वाढतो, या झाडाला मात्र फांद्या फुटतात. अब्बा म्हणाले, "हे मी पोर्ट सुदानला पाहिलंय." ड्रायव्हर म्हणाला, पोर्तुगीजांनी आफ्रिकेतून आणलं. गावात सगळे तेच सांगतात. वनस्पतिशास्त्रज्ञ मात्र ही जात पश्चिम भारताच्या किनाऱ्यावरचीच मानतात. मी ते सांगितलं, तर ड्रायव्हरला पटलं नाही. "देखने में तो बाहर का लगता है," म्हणाला. अब्बा माझ्याकडे पाहून हसले.

खुकरीच्या स्मारकाला दुसऱ्या दिवशी गेलो. त्याच नावाची दुसरी एक युद्धनौका निवृत्त झाल्यावर दीवला आणून ठेवली आहे, पण अब्बांना स्मारकच बघायचं होतं. समुद्राकडे तोंड केलेली टेकडी. काचेच्या पेटीत जहाजाची प्रतिकृती. पलीकडे मोकळं पाणी. त्या पाण्यात कुठेतरी खुकरी पडून आहे आणि तिच्यात ती माणसं.

रात्रभर मला झोप लागली नव्हती. सांगायचं की नाही? स्मारकावर कप्तानाचं नाव असणार. अब्बांची नजर अजून शाबूत आहे. ते वाचतील, आणि ५०-५५ वर्षं जे धरून ठेवलं ते माझ्यासमोर सुटेल. माझं तर कधीच सुटलं होतं. तरी त्या टेकडीवर उभी राहून मी काय विचार करत होते? या १९४ जणांत आपले किती असतील? लाज वाटली, पण विचार आला तो आला.

अब्बांनी चपला बाजूला काढल्या. काठी माझ्याकडे दिली. टोपी सारखी केली आणि दोन्ही हात उचलून दुआ मागायला लागले. सावकाश, ओठ हलवत. आजूबाजूला सेल्फी काढणारी मंडळी होती. दोघंतिघं वळून बघायला लागले. माझा जीव वरखाली. कुणी व्हिडिओ काढला तर? सैनिकांच्या स्मारकावर हे काय चाललंय, असं कुणी विचारलं तर? हल्ली अशी भीती वाटते आणि आपण ती एकमेकांनाही सांगत नाही.

तिथला रखवालदार आमच्याकडे यायला लागला. मी दोन पावलं पुढे झाले. तोंडात हिंदी वाक्यं जुळवत होते, मेरे अब्बू जहाज पे थे वगैरे. त्याने मला हाताने थांबवलं. अब्बांचे हात खाली येईपर्यंत तोही थांबला. मग म्हणाला, "चाचा, बैठना हो तो उधर छाँव में बेंच है."

बाकावर बसायला जाताना अब्बा फलकासमोर थांबले. चष्मा वर केला, वाचलं. मी समुद्राकडे बघत राहिले.

"महेंद्रनाथ," ते म्हणाले.

"हो अब्बा."

"तुला ठाऊक होतं."

"हो."

"कधीपासून?"

"कॉलेजपासून."

ते बाकावर बसले. पाय चोळत राहिले. मी शाळेतली गोष्ट सांगितली, १९९३ची, पहिल्यांदाच. ती मुलगी काय म्हणाली, मी काय उत्तर दिलं, वर्ग कसा गप्प झाला. अब्बांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"आम्ही त्या रात्री दुआ केली," ते म्हणाले, "ती आपला माणूस म्हणून केली. जहाजावरचा माणूस बुडाला म्हणून केली. तेव्हा आम्हाला त्यांचं पहिलं नाव माहीत नव्हतं. आज परत केली. आता काय, परत घ्यायची?"

मी काही बोलले नाही.

"पण तू वर्गात जे केलंस," ते थोड्या वेळाने म्हणाले, "ते तुला करावं लागलं, हे मला कळलं नव्हतं. तेव्हाच सांगायला हवं होतंस. मी शाळेत आलो असतो."

आम्ही तिथे तासभर बसलो. भरती लागली होती. रखवालदाराने पाणी आणून दिलं. अब्बांनी त्याला खुकरीबद्दल आणखी दोन-तीन गोष्टी विचारल्या. त्याला कप्तानाचं गाव माहीत नव्हतं. मला माहीत होतं, गोरखपूर. मी सांगितलं. अब्बांनी मान हलवली, जसं काही डोंगरीच्या खोलीतला वाद ५०-५५ वर्षांनी मिटला.

खाली उतरताना अम्मीचा फोन आला. तिने विचारलं असणार, कारण अब्बा म्हणाले, "हो, भेटलो ना मुल्लासाहेबांना. आत्ताच सलाम करून आलो." आणि काठी टेकत गाडीकडे चालायला लागले.